ट्रेवरची तीट

१

आधीच माफी मागतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, आणि शब्दही साधेच आहेत. मराठी शाळा सातवीपर्यंत झाली, इंग्रजी शाळा अकरावीत सुटली. शिवाय ज्याची ही गोष्ट आहे त्याला मी ‘तो’ म्हणणार आहे. ‘मी’ लिहायला घेतलं की हात अडतो. तेवढं सांभाळून घ्या.

तर देवांग. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर ओहायोतल्या डब्लिनला आला. वर्गात उत्तर येत असलं तरी त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी शाळा सोडून तो झाडांच्या एका नर्सरीत कामाला लागला. तिथे कुणी प्रश्न विचारत नव्हतं, आणि हाताला काम जमत होतं. डब्लिनमधली बाकीची मराठी मंडळी कंपनीतली, प्रोजेक्टवाली. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, “तू काय करतोस?” तो म्हणायचा, “रोपं करतो.” विचारणारा हसून ताटातल्या मोदकाकडे वळायचा.

सुनेत्राकाकू तेवढ्या वळल्या नाहीत. “म्हणजे बी लावून? अगदी बियांपासून?” असं त्यांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता देवांग त्यांच्या घरी जाऊ लागला.

काकू एकट्या होत्या. बाळकाका २००० च्या पानगळीत गेले. अंगणात त्यांची डेल्फिनियमची रांग होती, छातीइतकी उंच, निळ्या फुलांच्या तुऱ्यांची. निळा रंग आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध पांढरा ठिपका. त्या हिवाळ्यात कुणी लक्ष दिलं नाही आणि रोपं कुजून गेली. उरलं ते थोडं बी, फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे: कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी, तिच्यावर काकांच्या अक्षरात ‘निळं, २०००’.

रविवारचा क्रम ठरलेला होता. गॅरेजमध्ये बूट काढायचे, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ त्याने आधीच ओढून टाकलेला असायचा. पूर्वेच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचं. पोहे, चहा. मग काही खिळा ठोकायचा असेल, बल्ब बदलायचा असेल तर तो. देवांगच्या आठवड्यात एवढाच एक दिवस असा होता, की ज्या दिवशी त्याची कुणी वाट बघायचं.

डेल्फिनियमचं बी फार टिकत नाही, हे त्याला नर्सरीत कळलं होतं. दोन वर्षं तो म्हणत होता, “काकू, लावू या ना.” काकूंचा हात बरणीमागे जायचा आणि डबीला लागून परत यायचा. “पुढच्या वर्षी बघू रे.”

तो निळा रंग आपण परत आणायचा, आपल्या हाताने, आणि काकूंना अंगणात नेऊन दाखवायचा, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं.

२

२००४ च्या जानेवारीतल्या एका रविवारी गॅरेजमध्ये अनोळखी बूट दिसले. आत पूर्वेच्या खुर्चीवर कुणीतरी पोहे खात होतं.

“हा सुशांत,” काकू म्हणाल्या. “माझ्या मावसबहिणीचा पुतण्या. पुण्याहून आलाय, इथेच ऑफिस आहे त्याचं. खालच्या खोलीत राहणार आहे.”

“हाय बॉस!” सुशांतने हात पुढे केला. “तूच तो झाडांचा डॉक्टर ना? काकू सकाळपासून तुझंच सांगतायत. यार, मला तर कोथिंबीरसुद्धा उगवता येत नाही.”

देवांग दुसऱ्या खुर्चीवर बसला. तिथून अंगण दिसत नाही, फ्रिज दिसतो.

“काकू, त्या फ्रिजमधल्या डबीत काय आहे?” सुशांतने सहज विचारलं. “लोणचं काढताना दिसली.”

काकूंनी सांगितलं.

“अहो, मग लावा की! ठेवलंय कशाला?”

काकू उठल्या, बरणी बाजूला केली आणि डबी बाहेर काढली. दोन वर्षं जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. देवांग फ्रिजच्या दाराकडे बघत राहिला.

पांढऱ्या बशीत बिया ओतल्या. काळ्या, खरबरीत, तिळाहून बारीक.

“ही तर कलौंजी आहे,” सुशांत म्हणाला. “नानवर टाकतात ती.”

“तोंडात घालू नकोस हो. या झाडाचं सगळंच विषारी.” काकूंनी सुरीच्या टोकाने मोजून दोन ढीग केले. “चोवीस तुझ्या, चोवीस याच्या. दोघांनी मिळून करायचं. भांडायचं नाही.”

“एकाच ट्रेमध्ये लावू,” देवांग म्हणाला. “मी बघतो सगळं.”

“नको रे. त्यालाही शिकू दे. तू आहेसच सांगायला.”

ओल्या कागदात गुंडाळून बिया दोन आठवडे फ्रिजमध्ये राहिल्या. मग देवांगने एकाच पोत्यातली माती दोन ट्रेमध्ये भरली. पांढऱ्या प्लास्टिकचे, चोवीस कप्प्यांचे ट्रे. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत बाळकाकांची फळी होती, वर दोन ट्यूबलाइट, एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला घर तापवणारी भट्टी. भिंतीपलीकडे सुशांतची खोली. उगवायला या बियांना अंधार लागतो, म्हणून दोन्ही ट्रेवर काळं प्लास्टिक टाकलं.

“तीन आठवडे उघडायचं नाही,” काकूंनी बजावलं. “हे म्हणायचे, बी अंधारात विचार करत असतं. मध्येच कुणी डोकावलं की ते विसरतं.”

३

प्लास्टिक काढलं तेव्हा सुशांतच्या ट्रेमध्ये बावीस रोपं होती.

देवांगच्या ट्रेमध्ये तीन.

“बॉस, काहीतरी घोळ आहे,” सुशांत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि तेच देवांगला जास्त झोंबलं. “ट्रे बदलले असतील.”

“बदललेले नाहीत.” कडेला नावं होती, देवांगच्याच हातची.

तो स्वतःशी हिशेब लावत होता. तेच बी, तीच माती, तेच पाणी. नर्सरीत तो दिवसाला दोन हजार कप्पे भरतो. कदाचित त्याच्या वाट्याला जुनं बी आलं असेल. पण डबी तर एकच होती.

काकू पदराने डोळे पुसत होत्या. “गुणी आहे हो तुझा हात,” त्यांनी सुशांतच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मग वर गेल्या आणि काजळाची डबी घेऊन आल्या. करंगळी काजळात बुडवली आणि सुशांतच्या ट्रेच्या पांढऱ्या कडेवर एक ठसठशीत ठिपका काढला. लहान मुलाच्या गालाला लावतात तशी तीट.

“काकू, हे काय!” सुशांत हसला. “झाडांना?”

“हसू नकोस. माझीच दृष्ट लागायची मेली.”

देवांगने घसा साफ केला. तो थट्टा फारशी करत नसे, पण आत्ता थट्टेचा आव आणून म्हणाला, “आणि माझ्या ट्रेला?”

“तुझ्या ट्रेला कुणाची रे लागणार दृष्ट?” काकू म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारून वर गेल्या.

त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. देवांगला ते माहीत होतं. घरी जाताना चारही सिग्नलला त्याने ते वाक्य पुन्हा ऐकलं.

४

पुढच्या रविवारी तो पाणी घालायला एकटाच खाली गेला. वर पूर्वेच्या खिडकीपाशी काकू आणि सुशांत कशावर तरी हसत होते. छतातून शब्द कळत नव्हते, हसणं कळत होतं. भट्टी दणकन सुरू झाली. सुशांतच्या ट्रेमधली बावीस रोपं इवल्या दोन-दोन पानांनी सरळ उभी होती. एकही आडवं नाही.

देवांगने अंगठा ओला केला आणि तीट पुसली.

दोनदा घासावी लागली. अंगठा जीन्सला पुसून तो वर गेला, आणि चहाला साखर कमी आहे का असं काकूंनी विचारल्यावर म्हणाला, “बरोबर आहे.”

एवढंच त्याने केलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे विचारलं गेलं. त्याने तीट एकदाच पुसली.

५

त्यानंतरच्या रविवारी सुशांतची रोपं कललेली होती.

बावीसच्या बावीस, वॉशिंग मशीनच्या बाजूला. रोपं कलतात, त्यात नवल नाही. उजेड जिकडे तिकडे झाड. पण दिवे बरोबर डोक्यावर होते. देवांगने वर हात नेऊन नळ्या पाहिल्या. दोन्ही सारख्याच कोमट.

“भट्टीची हवा लागत असेल,” सुशांत म्हणाला.

हवा लागली तर ती पलीकडे झुकतील. ही मशीनकडे झुकली होती, आणि मशीनपाशी देवांग उभा होता.

दोघे चहाला वर गेले. देवांग तासाभराने एकटा परत आला, या वेळी भट्टीच्या बाजूने, आणि तिथल्या स्टुलावर बसला. काहीच झालं नाही. रोपं मशीनच्या दिशेने होती तशीच होती. त्याला हसू आलं. खिशातून त्याने नर्सरीचं कॅटलॉग काढलं आणि वाचत बसला. भट्टी बंद झाली, पुन्हा सुरू झाली. तळघरात साचलेलं पाणी उपसणारा पंप गुळगुळ करून थांबला.

कॅटलॉगवरून मान वर केली तेव्हा बावीस रोपं त्याच्याकडे झुकली होती. फक्त झुकली नव्हती, ताणली गेली होती. अंधारात वाढल्यासारखे लांब, पिवळट देठ, आणि टोकाला दोन पानं त्याच्याकडे उघडलेली.

त्याची स्वतःची तीन रोपं शेजारच्या ट्रेमध्ये सरळ, गर्द हिरवी उभी होती.

रोपं इतक्या लवकर वळत नाहीत. किंवा वळतही असतील. इतका वेळ बसून कोण बघतं? नर्सरीत तर कामच काम असतं. घरी जाईपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली होती.

६

मार्चमध्ये सुशांतची रोपं पडू लागली. देठ मुळापाशी बारीक होऊन रोप आडवं व्हायचं. लहान रोपांना हा रोग होतोच, फार ओल झाली की. देवांगने सुशांतला पाणी कमी घालायला सांगितलं.

पहिल्या रविवारी दोन पडली होती. आणि देवांगच्या ट्रेमध्ये, महिन्याभरापासून नुसती माती असलेल्या दोन कप्प्यांत, दोन नवी रोपं होती.

उशिरा उगवणारं बी असतं. पुढच्या रविवारी चार पडली. चार उगवली. नंतर पाच. आणि पाच.

त्याला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मोजताना त्याचे ओठ हलायचे.

“बघ, आली की नाही तुझीही!” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं होतं ना सुशांतला, देवांगला कळतं.” आणि त्यांनी त्याच्या बशीत न मागता आणखी पोहे वाढले. पूर्वेची खुर्चीही त्याला मिळाली, कारण आता सुशांत रविवारी वर येत नव्हता. दमलेला असायचा. ऑफिसलाही सुटी घेत होता.

“डॉक्टर म्हणतात कानाचं काहीतरी आहे,” तो एकदा जिन्यातून म्हणाला. “बॅलन्स जातो, यार. एका बाजूला ओढल्यासारखं होतं.” त्याची मान एका खांद्याकडे गेली होती. चेहरा उतरून पिवळा पडला होता.

“हात धुतोस ना रोपांना लावल्यावर?” देवांगने विचारलं. “ते विषारी असतं.”

“धुतो की. साबणाने.”

देवांगला बरं वाटलं. मग कानच असणार. तो खिडकीकडे सरकला, बाहेर कार्डिनल पक्षी आला होता म्हणून, आणि परत वळला तेव्हा सुशांतची मान दुसऱ्या खांद्याकडे होती.

७

एप्रिलचा पहिला रविवार. बर्फ गेला होता. दार काकूंनीच उघडं ठेवलं होतं आणि फ्रिजवर चिठ्ठी होती: ‘इंडियन स्टोअरला जाते. चहा करून घे. सुशांत झोपलाय.’

देवांग चहा न करता खाली गेला. त्याला मोजायचं होतं.

धुण्याच्या खोलीतले दिवे बंद होते. छताजवळच्या छोट्या खिडकीतून सकाळचा थोडा उजेड येत होता. फळीसमोर सुशांत उभा होता.

अनवाणी. पावलं जुळवलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे मिटलेले. आणि तो दाराकडे झुकला होता. टाचेपासून डोक्यापर्यंत एका रेषेत. कंबरेत किंवा गुडघ्यात कुठेही वाक नव्हता. एवढा झुकलेला माणूस उभा राहू शकत नाही, पडतो. तो पडत नव्हता. टीशर्टच्या गळ्यातून वर आलेली मान बारीक होती, आणि देवांगला आठवत होती त्याहून लांब.

भिंत धरून देवांग दोन पावलं बाजूला सरकला, भट्टीकडे. नेमकी तेव्हाच भट्टी दणकली आणि त्याने दचकून तिकडे पाहिलं. क्षणभरच.

परत पाहिलं तर सुशांत भट्टीकडे झुकला होता. पावलं त्याच जागी होती. डोळे मिटलेला चेहरा देवांगकडे होता, थोडा वर उचललेला.

देवांग आणखी हलला नाही. पंप गुळगुळला आणि थांबला. किती वेळ गेला ते त्याला सांगता येणार नाही.

“देवांग?” सुशांतचा आवाज अगदी नेहमीचा होता. “लाइट लाव ना, यार.”

बटण हाताला लागलं तेव्हा सुशांत जमिनीवर बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून. “परत चक्कर आली वाटतं,” तो म्हणाला. “तू किती वेळ उभा आहेस?”

फळीवर सुशांतच्या ट्रेमध्ये सहा रोपं उरली होती. देवांगच्या ट्रेमध्ये एकोणीस. त्याने ती आता मोजली नाहीत. आकडा आपोआप दिसला.

८

काकूंची गाडी आली. देवांगने तुरीच्या डाळीची पिशवी उचलून ओट्यावर ठेवली आणि तिथेच, पिशवीवर हात ठेवून म्हणाला, “काकू, सुशांतच्या ट्रेची तीट मी पुसली.”

काकूंनी चष्मा काढला.

“कळलं होतं मला. अंगठ्याचा डाग होता कडेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुझं तोंड बघितलं होतं मी त्या दिवशी. चूक माझीच होती रे. पण प्रत्येक वेळी पुसायची गरज होती का?”

“प्रत्येक वेळी?”

“मी परत लावायची की. बुधवारी लावली की गुरुवारी गेलेली. शनिवारी लावली, तासाभरात गेलेली. तोच अंगठ्याचा डाग. मला वाटलं, तुझ्याकडे किल्ली आहे, येऊन जात असशील.”

देवांग गुरुवारी नर्सरीत असायचा. शनिवारीही. किल्ली त्याने कधी वापरली नव्हती.

पण गुरुवारी कप्पे भरताना तो कुठे असायचा, ते त्याला माहीत होतं. रोज, दोन हजार कप्पे भरताना, तो मनाने याच फळीसमोर असायचा.

“नाही, मी...” तो म्हणाला.

“जाऊ दे,” काकू म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. “तू मला काही कमी आहेस का रे?”

अडीच वर्षं ज्या वाक्यासाठी तो तिष्ठत होता, ते हेच होतं.

९

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. देवांग नर्सरीत गेला नाही. आत्येभाऊ कॅरीला राहायचा, तिकडे नॉर्थ कॅरोलायनात. त्याला फोन करून त्याने विचारलं होतं, काही दिवस सोफ्यावर झोपलं तर चालेल का. आईला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी सात वाजता तो काकूंकडे पोचला. बूट गॅरेजमध्येच काढले. काकूंकडे काजळाची डबी मागितली. त्यांनी कारण न विचारता दिली.

खाली जाऊन त्याने दोन्ही ट्रे एकत्र ठेवले आणि कडेवरची दोन्ही नावं चाकूने खरवडून काढली. मग त्यांच्याकडे शक्य तितकं न बघता, चाचपडत, दोन्हींना तीट लावली. रोपं उपटून टाकायचं मनात आलं होतं, पण ती बाळकाकांची होती. दुसरं बी जगात नव्हतं.

सुशांत खाटेवर जागा होता. देवांगने त्याच्या कानामागे करंगळी टेकवली.

“यार, मी काय तान्हं बाळ आहे?” सुशांत क्षीण हसला.

“मे महिन्यात अंगणात लावा,” देवांग भिंतीकडे बघत म्हणाला. “दोन-दोन वितींवर. गोगलगाईंपासून जपा. पाणी सकाळीच.”

“आणि तू?”

“मी कॅरीला चाललोय.”

वर त्याने किल्ली ओट्यावर ठेवली. काकू दारापर्यंत आल्या. “फुलं आली की येशील ना? जुलैत? तूच दाखवायचीस मला.”

“तुम्ही फोनवर सांगा,” तो म्हणाला. “मधला ठिपका पांढरा आहे का, तेवढं सांगा.”

गाडी ड्राइव्हवेवरून मागे घेताना त्याने एकदाच घराकडे पाहिलं. वाटेच्या कडेचे डॅफोडिल नुकते उघडले होते. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती; पण ती तर दर वर्षी असतात, पूर्वेला. पूर्वेच्या खिडकीत काकू हात हलवत उभ्या होत्या. गाडी वळली, उजवीकडे निघाली, आणि काकू काचेमागे उजवीकडे कलल्या. त्याला बघायला म्हणून कलल्या असतील. माणूस कलतोच. पण हलणारा हात थांबला होता, आणि त्या आणखी कलत होत्या.

देवांगने मागचं दाखवणारा आरसा धरला, छताकडे वळवला, आणि चौकात थांबून दोन्ही बाजूंचे आरसेही आत दुमडले. मग कॅरीपर्यंतचे आठ तास तो फक्त समोर बघत गेला.